मापाची वही

रहिमतपूरच्या पेठेत, तेलाच्या घाण्याला लागून माझं दुकान.
जानेवारीच्या दहा-बारा तारखेला
हवालदार सदबा फडतरे कोट घेऊन यायचे,
पिशवीत नाही, दोन्ही हातांवर,
निजलेलं मूल आणावं तसा.

वहीत त्यांचं पान आहे.
त्र्याऐंशी साली छाती बेचाळीस.
मग एक्केचाळीस. बरीच वर्षं तेच.
बायको गेली त्या साली एकदम एकोणचाळीस.
पुढं मी टेप लावायचो आणि आकडा मनात ठेवायचो.
"किती?"
"तेवढीच."
"शिंप्यानं खोटं बोलू नये," म्हणायचे, "सुई टोचती."

वीर चक्राची पट्टी अर्धी निळी, अर्धी केशरी.
दरवर्षी तिची जागा बदलावी लागे.
कोट आत घेतला की छाती सरकते
आणि पदक काखेकडं जातं.
शौर्याशी माझं नातं एवढंच:
अर्धा इंच इकडं, पाव इंच तिकडं.

मानपत्र इंग्रजीत. शेडगे मास्तरांनी एकदा
दुकानात बसून मराठी करून सांगितलं:
जिवाची पर्वा न करता, एकट्यानं, शत्रूची मशिनगन...
हवालदार बाकावर काजं मोजत होते.
म्हणाले, "पर्वा होती की. लई होती.
लिवणारा तितं नव्हता."

कालव्याला पाणी आलं तेव्हा
सगळ्या शिवारानं ऊस लावला.
यांच्या तीन एकरांत मात्र वाघ्या घेवडा.
कारखान्याचा चिटबॉय दोनदा येऊन गेला,
पोरगा वर्षभर बापाशी बोलला नाही.
मला म्हणाले, "घेवडा गुडघ्याएवढा.
माणूस बसला तरी दिसतो."
मी हसलो. मला विनोद वाटला.

कोटाचं बटण तुटलं की मी डबा पुढं करायचो.
"कंचं बी लाव," म्हणायचे, "पांढरं नगं."
गडद निळ्या कोटाला पांढरं लावणार कोण?
तरी दरवर्षी सांगायचे.

त्याबद्दल एकदाच बोलले. लाईट गेली होती,
मशीन थांबलं, इस्त्रीतले निखारे तेवढे लाल.
"इकाहत्तरला, डिसेंबरात. तिकडं बी ऊसच.
पाचट वाजतं रे. आपलं वाजतंय का त्येचं,
कळत न्हाई."
मग बराच वेळ काही नाही.
घाण्याचा बैल तेवढा फुरफुरला.
"गनच्या मागं पोरगं होतं. मिसरूड फुटलेलं.
अंगावरच्या खाकीला एक बटण निराळं. पांढरं, शर्टाचं.
काळ्या दोऱ्यानं लावल्यालं,
चार भोकांतल्या दोनच भोकांतनं.
निघायच्या घाईत लावलं असंल कुणीतरी."

मी शिंपी. मला विचारायचं होतं,
दोरा एकेरी होता की दुहेरी.
नाही विचारलं. लाईट आली.
उठताना म्हणाले, "सव्वीसच्या आत दे."

तेराव्यानंतर नातू कोट घेऊन आला,
प्लास्टिकच्या पिशवीत, घडी चुकलेली.
"काचेच्या कपाटात ठेवायचाय. भरदार दिसू द्या."
"छाती किती धरू?"
"सगळ्यात मोठी असंल ती."
मग मी एकेक शिवण उसवली,
छत्तीस वर्षांत जेवढी आत घेतली होती तेवढी.
आतलं कापड अजून नवं होतं, ऊन न लागलेलं.
दोन्ही कुशींना गर्द निळ्या पट्ट्या निघाल्या,
आणि बाकीचा कोट किती विटला होता
ते मला त्या दिवशी कळलं.

तीन एकरांत आता ऊस आहे.
एसटीतून दिसतो.
म्हणजे पलीकडचं काहीच दिसत नाही.

जूनमध्ये शाळेचे शर्ट येतात,
एकेकाला सात बटणं, पांढरी.
चारही भोकांतून घेतो, हातानं, दोरा दुहेरी.
मुलगा म्हणतो, मशीन आहे की त्याला,
किती वेळ जातो तुमचा.

जातो.